ताबा मिळाला, भोगवट्याचे काय?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

‘भोगवटा’ हा शब्द आपल्याला नवा नाही. गावाकडच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’, ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते आणि शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यालाही त्यातला फरक ठाऊक असतो. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याच शेतकऱ्याचा मुलगा शहरात येतो, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन फ्लॅट घेतो, तेव्हा त्या इमारतीला ‘भोगवटा पत्र’ मिळाले आहे का, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. ओटा ग्रॅनाइटचा की कडप्प्याचा, गॅलरीला पूर्वेचे ऊन येते का, शाळा किती लांब, याची चौकशी तो चारचारदा करतो. ज्या कागदाच्या आधारे त्या घरात राहायचे, तो कागद मात्र राहून जातो.

माझी सारी नोकरी बांधकाम विभागात गेली. आधी नगरपालिकेत, पुढे महापालिकेत. हातात मंजूर नकाशा आणि मोजणीची टेप घेऊन मी नव्या इमारतींचे जिने चढत आलो. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे लोक विचारायला येतात. प्रश्न बहुधा एकच असतो : ‘साहेब, आम्ही राहायला येऊन इतकी वर्षे झाली, आता हे भोगवटा पत्र कुठून निघाले?’ त्या प्रश्नाचे उत्तर जरा पहिल्यापासून द्यावे लागते.

कागदांची रांग

इमारत उभी राहताना कागदांची एक रांग असते. त्यातला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो.

पहिला कागद म्हणजे मंजूर नकाशा. प्लॉट केवढा, इमारत कुठे बसवायची, चारी बाजूंना मोकळी जागा किती सोडायची, मजले किती, गाड्या कुठे लावायच्या, हे सगळे त्यात असते. मुंबईत या टप्प्याचे नाव मोठे गमतीचे आहे. १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या ३४६ व्या कलमाखाली जो कागद मिळतो, त्याला ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’ म्हणतात. म्हणजे चक्क ‘नापसंतीची सूचना’! या या अटी पुऱ्या केल्या नाहीत तर आम्हाला हे बांधकाम पसंत नाही, असा त्याचा अर्थ. बिल्डर लोक ‘आयओडी मिळाली’ म्हणून पेढे वाटतात, पण ती अटींची यादी असते.

दुसरा कागद बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीचा. हे प्रारंभ प्रमाणपत्र. लोक त्याला ‘सीसी’ म्हणतात. याचा आधार १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्यानंतर जोते झाले की जोत्याची तपासणी होते. इमारत नकाशातल्या जागेवरच बसली आहे ना, की दोन फूट शेजाऱ्याकडे सरकली आहे, हे पाहण्याची ती वेळ. जोते चुकले तर वरचे सारे मजले चुकले.

मग इमारत उभी राहते. वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर ‘काम नकाशाप्रमाणे झाले, इमारत भक्कम आहे’ असे लिहून देतात. सोबत अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, लिफ्टचा परवाना, सांडपाण्याच्या जोडणीचा दाखला जोडला जातो. मग महापालिकेचा माणूस जागेवर येऊन पाहतो आणि सगळे जमले की भोगवटा पत्र मिळते. ‘या इमारतीत आता माणसांनी राहायला हरकत नाही’ एवढे एकच वाक्य त्या पत्राचे सार असते.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा पत्र हे दोन शब्द आपल्याकडे सरमिसळ वापरले जातात. पुण्याकडे तर सगळ्यालाच ‘कंप्लीशन’ म्हणतात. २०१६ च्या रेरा कायद्याने दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या दिल्या आहेत. प्रकल्प मंजूर नकाशाप्रमाणे आणि ठरलेल्या तपशिलाप्रमाणे बांधून झाला, हे पूर्णत्वाचा दाखला सांगतो. पाणी, मलनिस्सारण, वीज अशा नागरी सोयी असलेल्या इमारतीत राहण्याची परवानगी भोगवटा पत्र देते. वास्तुविशारदाने स्वतःच्या सहीने दिलेले पूर्णत्वाचे पत्र मात्र या दोन्हींपैकी काहीच नव्हे. तो अर्जासोबत जोडायचा कागद आहे. पुष्कळ बिल्डर तोच कागद भोगवटा पत्र म्हणून दाखवतात आणि गोल शिक्का पाहून गिऱ्हाईक समाधान पावते.

तपासणीच्या दिवशी

आम्ही जागेवर जाऊन काय पाहतो, याविषयी लोकांच्या मनात बरेच गैरसमज असतात. भिंतीचा रंग, फरशीचा दर्जा, नळाची कंपनी यांच्याशी आमचा संबंध नसतो. मुख्य तपासणी नकाशाशी जुळणीची.

सर्वात आधी सामासिक अंतरे मोजायची. इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यात सोडलेली मोकळी जागा म्हणजे सामासिक अंतर. बिल्डरला ती वाया गेलेली जागा वाटते. पण आग लागली तर बंब तिथूनच आत जायचा असतो आणि खालच्या मजल्यांवरच्या घरांना उजेड-वारा तिथूनच मिळायचा असतो. मग जिन्याची रुंदी. दोन माणसे स्ट्रेचर घेऊन वळणावर वळू शकतील का, हे डोळ्यांनी पाहायचे. उंच इमारत असेल तर आगीच्या वेळी लोकांनी थांबायची जागा, म्हणजे रेफ्यूज एरिया, मोकळी आहे का ते पाहायचे. कित्येक ठिकाणी तिथे क्लबहाऊस झालेले असते. गच्चीवरच्या टाक्या, पावसाचे पाणी जिरवण्याची सोय, मजल्यांची संख्या आणि शेवटी तळमजल्यावरचे पार्किंग.

पार्किंगवरच सगळ्यात जास्त गाडी अडते. एका इमारतीची आठवण सांगतो. सोळा फ्लॅट, चार मजले, खाली खांबांवरचे मोकळे पार्किंग. मी गेलो तेव्हा पार्किंगच्या पुढच्या भागाला भिंती घालून तीन दुकानगाळे काढलेले होते. शटरसुद्धा बसले होते. मी शेरा मारला : नकाशाबाहेरचे बांधकाम, काढून टाकावे. बिल्डरने ते काढले नाही, कारण गाळे आधीच विकले होते. भोगवटा पत्र अडले. आणि तोपर्यंत त्याने सोळाच्या सोळा कुटुंबांना ‘फर्निचरसाठी’ म्हणून किल्ल्या देऊन टाकल्या होत्या. कोणी स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवल्या, कोणी गणेशपूजन केले, आणि बघता बघता सगळे राहायलाच आले.

त्यातले एक निवृत्त शिक्षक कार्यालयात येऊन बसायचे. फंडाचे सगळे पैसे त्या घरात घातलेले. ‘साहेब, गाळे त्याने बांधले, पैसे त्याने घेतले. आमचा काय दोष?’ असे विचारायचे. दोष त्यांचा नव्हताच. पण भोगवटा पत्र इमारतीचे असते, एकेका सज्जन माणसाचे नसते. नियमातली गैरसोय अशी की, खाली तीन शटर चुकीची असली तर वरच्या सोळा घरांचे पाणी अडते.

अशा वेळी अंशतः भोगवटा पत्राची सोय उपयोगी पडते. इमारतीचा जेवढा भाग नियमाप्रमाणे पुरा झाला, तेवढ्यापुरते ते देता येते. पण ते वाचताना काळजी घ्यायला हवी. ‘भोगवटा पत्र आहे’ एवढ्यावर न थांबता ते कोणत्या विंगचे आणि कोणत्या मजल्यापर्यंतचे आहे, हे पाहिले पाहिजे.

कायदा कोणाला काय सांगतो?

‘भोगवटा पत्र आणणे ही बिल्डरची जबाबदारी’ हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. रेरा कायद्याच्या ११ व्या कलमात ते स्वच्छ लिहिले आहे. त्याच कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, भोगवटा पत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत खरेदीदाराने ताबा घ्यायचा आहे. म्हणजे क्रम असा : आधी पत्र, मग किल्ली.

आपल्या महाराष्ट्रात तर हे त्याच्या फार आधी, १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यातच सांगितले होते. ‘मोफा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याचे तिसरे कलम सांगते की, जिथे पूर्णत्वाचा दाखला आवश्यक आहे तिथे तो मिळेपर्यंत बिल्डरने कोणाला ताबा देऊ नये. आणि पुढे कंसात असेही म्हटले आहे की, कोणी ताबा घेऊही नये. हा कंस फार थोड्यांनी वाचलेला असतो. ‘फर्निचरसाठी ताबा’ ही पळवाट त्या कंसातच अडकते.

मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात आणि इतर महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यातही परवानगीशिवाय इमारतीचा वापर करू नये असे सांगितले आहे. त्यात पालिकेच्या दिरंगाईवरही उपाय आहे. काम पूर्ण झाल्याची सूचना पोचल्यापासून २१ दिवसांत आयुक्तांनी नकार कळवला नाही, तर वापर सुरू करता येतो. ही सोय प्रामाणिक बांधणाऱ्यासाठी आहे. पालिका गप्प राहिली म्हणून नकाशाबाहेरचा मजला नकाशात येत नाही. आणि हेही सांगायला हवे की, प्रत्येक अडलेल्या पत्रामागे बिल्डरच असतो असे नाही. कार्यालयात धूळ खात पडलेल्या फायली मी पाहिल्या आहेत. नियमाप्रमाणे बांधलेल्या इमारतीला ताटकळत ठेवणे हाही रहिवाशांवर अन्यायच आहे.

पैशांचा हिशेबही इथे येतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असताना घेतले तर, २०१९ च्या एप्रिलपासूनच्या दरांनुसार, साधारण घराला ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्याला १ टक्का लागतो. पन्नास लाखांच्या घरावर हा फरक अडीच लाखांपर्यंत जातो. म्हणून ‘तयार घर आहे’ असे सांगणाऱ्याकडे दाखला मागणे सर्वार्थाने फायद्याचे.

पत्र नसले तर?

‘शेजारच्या दहा इमारतींना नाही, त्यांचे काय वाकडे झाले?’ असे पुष्कळजण विचारतात. सुरुवातीला खरोखर काही होत नाही. टँकर येतो, तात्पुरते मीटर लागते, दिवस जातात. नुकसान सावकाश होते.

मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घ्या. १९९७ साली लोक राहायला आले, भोगवटा पत्र नव्हते. वर्षानुवर्षे मालमत्ता कर २५ टक्के जादा आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागली. संस्था ग्राहक आयोगाकडे गेली तर ‘मुदत टळली’ म्हणून तक्रार फेटाळली गेली. अखेर ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भोगवटा पत्र न देणे ही सेवेतली त्रुटी आहे आणि ते मिळेपर्यंत हा अन्याय रोज नव्याने होत राहतो, म्हणून मुदतीचा मुद्दा आड येत नाही. अनेक जुन्या संस्थांसाठी हा निर्णय मोठा आधार आहे. पण पंचवीस वर्षे गेली, ती गेलीच.

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात तिथे सात इमारती झाल्या आणि परवानगीपेक्षा ३५ मजले जास्त चढले. रहिवासी कर भरत होते, निवडणुकीत मत देत होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरवले, आणि जून २०१४ मध्ये तिथले वीज, पाणी, गॅस तोडण्यात आले. २०२५ मध्ये ताडदेवच्या एका ३४ मजली इमारतीची पाळी आली. खालच्या सोळा मजल्यांना भोगवटा पत्र, वरच्या अठरांना नाही. मुंबई उच्च न्यायालयाने वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांना घरे रिकामी करायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. त्यात अग्निसुरक्षेचा दाखला नसल्याचा मुद्दा महत्त्वाचा होता.

ही झाली पैशांची आणि निवाऱ्याची गोष्ट. जिवाची गोष्ट याहून कठीण आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत पडली. वरचे बांधकाम सुरू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती. ७४ माणसे गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एक चार मजली अनधिकृत इमारत रात्री कोसळली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. भोगवटा पत्र मिळालेली इमारत कधीच पडत नाही असा दावा मी करणार नाही. पण ते नसलेल्या इमारतीचा पाया, लोखंड आणि सिमेंट कोणीतरी जबाबदार माणसाने सही करून तपासले आहे, असे समजायला काहीच आधार नसतो.

चालणारे आणि न चालणारे कागद

भोगवटा पत्राच्या जागी दाखवले जाणारे कागद मी इतक्या वेळा पाहिले आहेत की त्यांची ओळख करून देणे भाग आहे.

पहिला, मालमत्ता कराची पावती. कर वापरावर बसतो, बांधकाम कायदेशीर असो वा नसो. पिंपरी-चिंचवडकरांना हे सांगायला नको. तिथे बेकायदा बांधकामांवर ‘शास्तीकर’ बसत होता. राज्य सरकारने तो २०२३ मध्ये माफ केला. दंड गेला, पण त्यामुळे बांधकाम नियमित झाले असे नव्हे.

दुसरा, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. ही आकारणीची नोंद आहे, बांधकामाची परवानगी नव्हे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेण्यात आली. अशा गावांत ग्रामपंचायतीच्या काळातल्या इमारती घेताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

तिसरा, नोंदणीकृत खरेदीखत. दुय्यम निबंधकाकडे दस्ताची नोंद होते. त्यामुळे व्यवहार झाला हे सिद्ध होते, पण इमारत नियमाप्रमाणे आहे हे त्यावरून ठरत नाही.

चौथा कागद सगळ्यात धोकादायक, तो म्हणजे खोटा. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करण्यात आल्या आणि त्यांवर महारेराची नोंदणीही मिळवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. नोंदणी क्रमांक पाहून, बँकेचे कर्ज घेऊन घर घेणारे लोक त्यात अडकले. म्हणून माझा सल्ला असा की, कागदाची छायाप्रत पाहून थांबू नका. त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या बांधकाम विभागात किंवा संकेतस्थळावर पडताळा. माहितीच्या अधिकारात प्रमाणित प्रत मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात आणि त्यासाठी कोणा एजंटाची गरज नसते.

भाड्याने घर घेणाऱ्यांसाठी

‘आम्ही अकरा महिन्यांचे भाडेकरू, आम्हाला काय करायचे भोगवटा पत्र?’ असे तरुण मुले म्हणतात. पण आग भाडेकरू आणि मालक असा फरक करत नाही.

आपली पद्धत अशी की भोगवटा पत्र इमारतीच्या जन्माच्या वेळी एकदा मिळते. पुढे घर दहा वेळा विकले गेले, वीस वेळा भाड्याने दिले गेले, तरी ते पत्र पुन्हा तपासले जात नाही. सगळीकडे असे नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात आपली मराठी वस्ती मोठी आहे. तिथल्या अनेक गावांमध्ये जुने घर विकताना किंवा त्यात नवा भाडेकरू येताना स्थानिक निरीक्षक येऊन घर पाहतो आणि नव्याने दाखला देतो. एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी धूरसूचक, कार्बन मोनॉक्साइड वायूचा सूचक आणि आग विझवायचे नळकांडे जागेवर आहे, याचे प्रमाणपत्र तर राज्याच्याच नियमाने लागते. ते नसेल तर व्यवहार अडतो. तिथल्या घरमालकांना ही कटकट वाटते आणि फी भरावी लागते म्हणून ते कुरकुरतातही. पण घर बदलणाऱ्या प्रत्येक कुटुंबामागे एक तपासणी होऊन जाते.

आपल्याकडे असा एकच दाखला नसला, तरी त्याचे तुकडे वेगवेगळ्या कायद्यांत आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी परवानाधारक संस्थेकडून आगीची यंत्रणा तपासून जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यायचे असते. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. मुंबईच्या कायद्यात तर ३० वर्षांवरच्या इमारतींच्या तपासणीचे स्वतंत्र कलम आहे.

तेव्हा भाड्याने घर घेताना संस्थेच्या सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारा : भोगवटा पत्र आहे का, शेवटचे नमुना ब कधीचे आणि शेवटचे ऑडिट कधी झाले. उत्तर देताना ते चिडले तर काय समजायचे ते समजा. भाडेकराराची नोंदणी मात्र करूनच घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार ती सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. आणखी एक पाहावे. भोगवटा पत्रात इमारतीचा वापर लिहिलेला असतो. निवासी म्हणून मंजूर झालेल्या फ्लॅटमध्ये चाळीस खाटांचे वसतिगृह किंवा शिकवणीचा वर्ग चालत असेल, तर जिने आणि दारे तेवढ्या माणसांसाठी आखलेली नाहीत, हे लक्षात ठेवा.

जे आधीच राहायला आले आहेत त्यांनी

घाबरून जाऊ नये आणि गप्पही बसू नये. आधी भोगवटा पत्र कशासाठी अडले आहे, हे लेखी विचारावे. पुष्कळदा कारण लहान निघते : एखादे शुल्क भरलेले नाही, रस्तारुंदीची जागा पालिकेच्या नावे केलेली नाही, पाणी जिरवण्याचा खड्डा नाही. अशा वेळी संस्थेने स्वतःचा वास्तुविशारद नेमून, कागद जमवून पाठपुरावा केला तर काम होते. जे बांधकाम नियमात बसते ते शुल्क आणि दंड भरून नियमित करता येते; जे बसत नाही ते काढावे लागते. त्या शिक्षकांच्या इमारतीत शेवटी तेच झाले. गाळेधारकांशी रहिवाशांनीच बोलणी केली, भिंती पाडल्या आणि मग पत्र मिळाले. खर्च रहिवाशांच्या खिशातून गेला.

बिल्डर दाद देत नसेल तर महारेरा किंवा ग्राहक आयोग यांचे दरवाजे उघडे आहेत. समृद्धी संस्थेच्या निकालानंतर ‘उशीर झाला’ हे उत्तर सहजी चालत नाही. जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणासाठी, भोगवटा पत्र नसल्याची अडचण होती. २०१८ च्या शासन निर्णयाने त्यातून स्वयंघोषणापत्राचा मार्ग काढला आहे. पुनर्विकासाचा विचार असलेल्या संस्थांनी तो जरूर पाहावा.

१७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी काही निर्देश दिले. बांधकामाच्या जागेवर मंजूर नकाशा लावलेला असावा, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी तपासणी करून नोंद ठेवावी, वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी भोगवटा किंवा पूर्णत्वाचे प्रमाणपत्र पाहूनच द्यावी आणि बँकांनीही त्याची खातरजमा करूनच इमारतीवर कर्ज द्यावे. याचा अर्थ जुन्या घरांच्या विक्रीतही हा कागद यापुढे अधिकाधिक मागितला जाणार. आज त्याच्याशिवाय चालले, तरी उद्या तुमच्या मुलाला ते घर विकायचे असेल तेव्हा गिऱ्हाइकाची बँक तो मागेल.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत रंगरंगोटी आणि पार्किंगच्या भांडणांआधी हा विषय घ्या. सेक्रेटरींना संस्थेची फाईल आणायला सांगा. त्यात मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा पत्र असे तीन कागद आहेत का, ते सर्वांसमोर पाहा. असतील तर प्रती काढून प्रत्येक सभासदाला एकेक द्या. नसतील तर त्याच सभेत दोन माणसे ठरवा आणि सोमवारी सकाळी त्यांना बांधकाम विभागात पाठवा.